परदेशी पक्ष्यासोबत त्याचे कागदही घरी आले पाहिजेत

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत परदेशी पक्षी हौसेने पाळणारी घरे गेल्या काही वर्षांत बरीच वाढली आहेत. पूर्वी भुसावळच्या आठवडे बाजारात फार तर बजरीगर या छोट्या पोपटाची जोडी मिळायची आणि तिलाही लोक ‘लव्हबर्ड’ म्हणायचे. आता मोबाइलवर सन कोन्युर, आफ्रिकन ग्रे, मकाव, काकातुआ या परदेशी पोपटांच्या जाहिराती रोज फिरताना दिसतात आणि त्यांतल्या बहुतेकींच्या खाली ‘ऑल पेपर क्लिअर’ असे तीन शब्द टाकलेले असतात. हे कागद नेमके कोणते, ते कोणी द्यायचे आणि आपण ते कसे तपासायचे, हे मात्र घेणाऱ्याला कोणी सांगत नाही. रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेला आणि वीस-बावीस वर्षे पक्षी पाळणारा एक माणूस या नात्याने मला याविषयी काही लिहावेसे वाटते. आपण ते छापाल अशी आशा आहे.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. २०१८ साली मी एका मोठ्या शहरातील विक्रेत्याकडून आफ्रिकन ग्रेचे हाताने भरवलेले पिल्लू घेतले. त्याने मला पक्ष्याच्या फोटोसह प्लास्टिकचे एक चकचकीत कार्ड दिले आणि ‘हेच याचे सर्टिफिकेट’ असे सांगितले. ते कार्ड मी दोन वर्षे कपाटात जपून ठेवले. पुढे कळले की ते पक्षी नर आहे की मादी हे सांगणारे डीएनए चाचणीचे कार्ड होते आणि पक्षी देशात कोठून, कसा आला याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. पावतीवर ‘१ नग पिंजरा, १ नग बर्ड’ एवढेच लिहिले होते. आजही खान्देशात दहापैकी आठ पक्षीपालक डीएनए कार्ड दाखवून ‘आमच्याकडे कागद आहेत’ असे सांगताना मी ऐकतो, आणि प्रत्येक वेळी मला माझेच ते कपाट आठवते.

खरे कागद कोणते, हे समजण्यासाठी एक आंतरराष्ट्रीय करार माहीत असावा लागतो. वन्य प्राणी व वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा हा करार ‘सायटीस’ या नावाने ओळखला जातो. तो १९७३ साली वॉशिंग्टन येथे झाला, १९७५ पासून अमलात आला आणि १९७६ पासून भारतही त्यात सहभागी आहे. जगातील जवळजवळ सर्व पोपटवर्गीय पक्षी या कराराच्या पहिल्या किंवा दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे यादीत, आहेत. दुसऱ्या परिशिष्टातील पक्षी पाठवण्यासाठी निर्यातदार देशाचा परवाना लागतो. पहिल्या परिशिष्टातील पक्ष्यासाठी आधी आपल्या देशाचा आयात परवाना आणि मग त्या देशाचा निर्यात परवाना लागतो, आणि रानातून पकडलेल्या पक्ष्याचा व्यापार तर तेथे चालतच नाही. आफ्रिकन ग्रेला २०१६ च्या जोहान्सबर्ग परिषदेत पहिल्या परिशिष्टात घेतले गेले आणि जानेवारी २०१७ पासून तो निर्णय लागू झाला. म्हणजे मी पिल्लू घेतले तेव्हा ते जगातल्या सर्वांत कडक नियमाखाली आलेले होते, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

फक्त बजरीगर, कॉकाटिल, गुलाबी तोंडाचा लव्हबर्ड आणि आपला कंठवाला पोपट हे चारच पोपट या परिशिष्टांतून वगळलेले आहेत. येथे आपल्याकडे मोठा घोळ होतो. आपल्या बाजारात गुलाबी तोंडाचा लव्हबर्ड आणि डोळ्याभोवती पांढरे कडे असलेला फिशर लव्हबर्ड एकाच पिंजऱ्यात, एकाच भावात विकले जातात. पण पहिला यादीबाहेर आहे आणि दुसरा दुसऱ्या परिशिष्टात आहे. झेब्रा फिंचला काही लागत नाही, तर तिच्या शेजारच्या पिंजऱ्यातली जावा चिमणी मात्र यादीत आहे. मकावांमध्येही निळा-पिवळा दुसऱ्या परिशिष्टात, तर लाल स्कार्लेट आणि संपूर्ण निळा हायसिंथ पहिल्या परिशिष्टात आहे. एवढा फरक सामान्य माणसाने आपण होऊन ओळखावा अशी अपेक्षा करणे मला तरी रास्त वाटत नाही.

आता कायदेशीर आयातीची वाट सांगतो, कारण ती नाहीच असा एक गैरसमज विक्रेत्यांनी मुद्दाम पसरवून ठेवला आहे. वाट आहे, पण ती लांब आहे. जिवंत परदेशी पक्ष्यांची आयात निर्बंधित असल्याने विदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना लागतो आणि त्या अर्जासोबत राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचे ना-हरकत प्रमाणपत्र द्यावे लागते. आपल्या राज्यात हे अधिकारी नागपूरला बसतात. दुसरीकडे, १८९८ च्या पशुधन आयात कायद्याखाली केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाकडून स्वच्छताविषयक आयात परवाना घ्यावा लागतो आणि तोही दिल्लीतूनच मिळतो. पक्षी ज्या देशातून निघणार तेथील सरकारी पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला त्याच्यासोबत असावा लागतो. ज्या देशात किंवा भागात बर्ड फ्लू आढळला असेल तेथून जिवंत पक्षी आणण्यास आपल्या सरकारची मनाई असते. विमानातील पिंजरा कसा असावा, त्यात दांडी किती रुंद असावी, हवा कोणत्या बाजूने यावी, याचेही आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेने नियम घालून दिले आहेत. आणि पक्षी उतरतो तो मुंबई किंवा दिल्लीसारख्या, पशू विलगीकरण केंद्र असलेल्या ठरावीक ठिकाणीच. नागपूर, दिल्ली आणि मुंबई या तिन्ही दिशांच्या गाड्या भुसावळ जंक्शनावरून सुटतात, पण साध्या पक्षीपालकाने या तिन्ही गाड्यांत बसून हे सारे कागद गोळा करावेत, हे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. म्हणून तो दलालाचा हात धरतो आणि तेथेच फसतो.

तरीही ही वाट आखूड करावी असे माझे म्हणणे नाही, आणि त्याचे कारण आपल्या खान्देशातच आहे. भारतात कोंबड्यांमध्ये एच५एन१ बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो फेब्रुवारी २००६ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातही तो आढळला. मी तेव्हा सुरत-भुसावळ मार्गावर ड्युटी करीत असे. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख घातलेली माणसे, जेसीबीने खोदलेले लांबच लांब खड्डे, त्यांवर पसरलेली चुन्याची भुकटी आणि रिकाम्या शेडसमोर नुसते उभे असलेले मालक, हे दृश्य मी गाडीतून आणि फलाटावरून पाहिले आहे. अंड्यांचे ट्रे घेऊन रोज गाडीत चढणारी माणसे त्या दिवसांत दिसेनाशी झाली. संपूर्ण खान्देशात कोंबडीला गिऱ्हाईक उरले नव्हते. त्यानंतर २०२१ मध्ये तेच नवापूर पुन्हा त्याच संकटातून गेले आणि पुन्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या.

नवापूरची साथ परदेशी पाळीव पक्ष्यांमुळे आली असे मी म्हणत नाही. पण रोग अशा पक्ष्यांबरोबर प्रवास करू शकतो याचे दाखले जगात आहेत. ऑक्टोबर २००४ मध्ये थायलंडहून ब्रुसेल्सला आलेल्या एका प्रवाशाच्या हातसामानात वेताच्या नळ्यांमध्ये कोंबलेले दोन गरुड सापडले. ते दिसायला ठणठणीत होते, पण तपासणीत दोघांमध्येही एच५एन१ निघाला. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २००५ मध्ये, इंग्लंडमध्ये विलगीकरणात ठेवलेल्या परदेशी पक्ष्यांमध्ये हाच विषाणू आढळला. तो तेथेच सापडला आणि तेथेच थांबला, कारण ते पक्षी विलगीकरणात होते आणि कोणाच्या घरी पोहोचले नव्हते. युरोपने त्यानंतर रानातून पकडलेल्या पक्ष्यांची आयात आधी तात्पुरती आणि २००७ पासून कायमची बंद केली. विलगीकरण म्हणजे सरकारी अधिकाऱ्यांनी हौशी माणसाला दिलेला त्रास, असे मानणाऱ्या माझ्या पक्षीपालक मित्रांनी या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. ज्याच्या अंगणात दहा गावठी कोंबड्या आहेत किंवा ज्याच्या गावाशेजारी पोल्ट्री फार्म आहे, त्याच्या घरातला चोरवाटेने आलेला पोपट हा त्याच्या एकट्याचा प्रश्न राहत नाही. राणीखेत म्हणजे आपल्याकडची मानमोडी, ही सुद्धा पोपटांकडून कोंबड्यांना होऊ शकते. आणि पोपटताप हा आजार तर माणसालाही होतो. पिंजऱ्यातील सुकलेल्या विष्ठेची धूळ श्वासावाटे गेली की त्याची बाधा होते आणि पुष्कळदा तो साधा न्यूमोनिया समजला जातो. पिंजरा कोरडा झाडू नये, आधी पाणी शिंपडून मगच साफ करावा, एवढी साधी गोष्टही विक्रेते सांगत नाहीत.

कागद कसे पाहावेत याविषयीही माझा एक अनुभव आहे. २०२२ मध्ये मी एका विक्रेत्याकडे सन कोन्युरच्या जोडीसाठी काही रक्कम आगाऊ दिली होती आणि कागद पाहिल्याशिवाय बाकी पैसे देणार नाही असे स्पष्ट सांगितले होते. त्याने मोबाइलवर सायटीसच्या निर्यात परवान्याची प्रत पाठवली. ती मी छापून घेतली आणि भिंग घेऊन टेबलावर बसलो. शास्त्रीय नाव बरोबर होते. स्रोताच्या रकान्यात ‘सी’ हे अक्षर होते, म्हणजे पक्षी बंदिवासात पैदा झालेले होते. तेथे ‘डब्ल्यू’ असते तर ते रानातले ठरले असते. शिक्का होता, सही होती. परवान्याची तारीख मात्र २०१९ ची होती आणि निर्यात परवाना हा सहा महिन्यांपलीकडे चालत नाही. मग मी पक्ष्यांचे फोटो मोठे करून त्यांच्या पायांतल्या रिंगा पाहिल्या. एकीवर वर्षाचे ‘२१’ कोरलेले होते. जो पक्षी २०२१ मध्ये अंड्यातून बाहेर आला, तो २०१९ च्या परवान्यावर विमानात कसा बसेल, असे मी विचारले. तेव्हा ‘हे परवान्यावरच्या जोडीचे पिल्लू आहे’ असे उत्तर आले. तसे असेल तर पिल्लाच्या जन्माची नोंद दाखवा, असे मी म्हटले, आणि त्यानंतर त्या माणसाने माझा फोन उचलला नाही. आगाऊ रक्कम गेली ती गेलीच.

रिंगेबद्दल थोडे अधिक सांगणे आवश्यक वाटते. अखंड रिंग ही पिल्लू अवघे काही दिवसांचे असतानाच पायात घालता येते. तेव्हा पोपटाच्या पुढच्या दोन बोटांसोबत मागचे लांब बोट एकत्र धरून आणि मागचे आखूड बोट पायालगत दाबून रिंग वर सरकवतात, आणि पाय जाड झाला की ती ना घालता येते ना काढता येते. म्हणून ती पक्षी माणसाच्या हाताखाली पैदा झाल्याची बऱ्यापैकी खात्री देते. सांधा असलेली, पक्कडीने दाबून बसवलेली रिंग मात्र कोणत्याही वयाच्या पक्ष्याला घालता येते आणि ती काहीही सिद्ध करीत नाही. पक्षी हातात घेऊन, रिंग नखाने फिरवून तिच्यावर सांधा लागतो का ते पाहावे, आणि कोरलेले अक्षर-आकडे कागदावरच्या नोंदीशी जुळतात का ते तपासावे. याला दोन मिनिटे लागतात.

देशात आधीच असलेल्या पक्ष्यांसाठी केंद्र सरकारने जून २०२० मध्ये स्वेच्छेने माहिती जाहीर करण्याची योजना आणली होती. मुदतीत माहिती देणाऱ्याकडे कागद मागितले जाणार नव्हते. ती मुदत पुढे मार्च २०२१ पर्यंत वाढवली गेली. माझ्या आफ्रिकन ग्रेची माहिती मी त्यातच दिली, पण ती योजना मला पुण्याला शिकणाऱ्या पुतण्याने सांगितली म्हणून कळली. मी येथील एका सरकारी कार्यालयात चौकशीला गेलो तेव्हा समोरच्या कर्मचाऱ्याने तिचे नावही ऐकलेले नव्हते. त्यात त्या कर्मचाऱ्याचा दोष होता असे मी मानत नाही, कारण त्याच्यापर्यंतही ते कोणी पोहोचवले नव्हते. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०२३ पासून ती अमलात आली आणि सायटीसमधील प्रजाती कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीचे नियम निघाले. ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर सहा महिन्यांत, म्हणजे २८ ऑगस्ट २०२४ पर्यंत, अशा प्रत्येक जिवंत प्राण्याची व पक्ष्याची नोंद करायची होती. पुढेही पक्ष्याचा जन्म, मृत्यू आणि हस्तांतरण कळवणे बंधनकारक आहे. हे सारे इंग्रजी-हिंदी पोर्टलवर झाले. यावल, रावेर, चोपडा, शिरपूर, शहादा या भागांतील किती पक्षीपालकांना ते समजले असेल? माझ्या परिचयातील एका केळीउत्पादक शेतकऱ्याने मला अहिराणीत साधा प्रश्न विचारला होता, ‘भाऊ, हाऊ पोपट आते घरमा ठेवाले चालस का?’ मी त्याला वेळेत अर्ज भरून दिला. पण ज्यांना विचारायला कोणी भेटले नाही, ते आज घाबरलेले आहेत. काहीजण पक्षी गुपचूप विकून टाकण्याच्या आणि काही तर रानात सोडून देण्याच्या गोष्टी बोलतात. पिंजऱ्यात वाढलेला सन कोन्युर सातपुड्यात सोडणे म्हणजे त्याला मरणाच्या दारात सोडणे आहे, आणि तो जगलाच तर आपल्या पक्ष्यांच्या ढोल्यांत घुसेल किंवा त्यांना रोग देईल.

याच संदर्भात आपल्या स्वतःच्या पोपटांचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. ‘परदेशी पक्षी नको, त्यापेक्षा आपला साधा पोपट बरा, त्याला कुठला आलाय कायदा’ असे अनेक सुशिक्षित माणसे म्हणतात. ते अगदी उलट आहे. कंठवाला पोपट, मोठा करण पोपट, टोई हे सर्व वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. त्यांना पाळणे, विकणे, विकत घेणे हा गुन्हा आहे, आणि भारतीय पक्ष्यांचा व्यापार १९९०-९१ पासूनच बंद आहे. तरीही उन्हाळ्याच्या तोंडाशी सातपुड्याच्या पायथ्यापासून बांबूच्या टोपल्यांत लाल उघडी, अजून पिसे न फुटलेली पिल्ले शहरात येतात आणि ती मिळवण्यासाठी ढोली असलेले झाडच फोडले जाते. हाच तो सातपुडा, जेथे शहाद्याजवळ नोव्हेंबर १९९७ मध्ये, एकशे तेरा वर्षे कोणालाही न दिसलेला रानपिंगळा पुन्हा सापडला. त्यालाही अशाच जुन्या झाडांच्या ढोल्या लागतात. ज्याला पक्ष्याची सोबत हवीच आहे त्याने कागदपत्रे असलेला, बंदिवासात पैदा झालेला परदेशी पक्षी घ्यावा, असे मी म्हणतो ते यामुळेच.

मात्र तो विमानाने मागवण्यापूर्वी आपले हवामान लक्षात घ्यावे. मे महिन्यात आमच्या भुसावळला पारा पंचेचाळीसच्या वर जातो. माझा ग्रे त्या दिवसांत दुपारी अकरापासून पंख अंगापासून दूर धरून, चोच उघडी ठेवून बसतो. गोणपाट दिवसातून पाच-सहा वेळा ओले करावे लागते, कूलरचा झोत सरळ अंगावर न येईल असा ठेवावा लागतो आणि वीज गेली की घरातल्या माणसांआधी त्याची सोय पाहावी लागते. हे काम एका उन्हाळ्याचे नाही. ग्रे आणि मकाव चाळीस-पन्नास वर्षे जगतात, म्हणजे आपल्या पश्चात त्याला कोण सांभाळणार हेही ठरवावे लागते. देशात नोंदणीकृत, जबाबदारीने पैदास करणारी मंडळी आहेत. त्यांच्याकडून नोंदीसह हस्तांतरण करून घेणे हे बहुतेकांसाठी नव्या आयातीपेक्षा सोपे, स्वस्त आणि पक्ष्याच्या दृष्टीने कमी हालाचे आहे. नवीन रक्ताची खरी गरज असलेल्या पैदासकारांनी आयात करावी आणि ती उजळ माथ्याने करावी.

शेवटी मागणी. धुळे वनवृत्तातील प्रत्येक उपवनसंरक्षक कार्यालयात आणि जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात परदेशी पक्ष्यांच्या आयातीची, नोंदणीची आणि हस्तांतरणाची माहिती देणारे मराठी पत्रक उपलब्ध असावे. त्यात यादीतील आणि यादीबाहेरील नेहमीचे पक्षी रंगीत चित्रांसह दाखवलेले असावेत. महिन्यातून एक दिवस तरी नोंदणीचा अर्ज भरून देणारा माणूस तेथे बसावा. मुदतीत नोंद करू न शकलेल्यांनी काय करावे, याचे स्पष्ट उत्तर लेखी स्वरूपात मिळावे, म्हणजे घाबरून पक्षी सोडून देण्याचे प्रकार थांबतील. २०१८ च्या नियमांप्रमाणे पाळीव प्राण्यांच्या दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते. ती नोंदणी दुकानाच्या दर्शनी भागात लावलेली आहे का, हे कोणीतरी फिरून पाहावे. आणि या पत्रकाचा मसुदा मराठीत करण्यासाठी मदत लागत असेल तर आमच्यासारखे पाच-सहा पक्षीपालक ती विनामोबदला करायला तयार आहेत. आम्ही तसा अर्ज या आठवड्यात संबंधित कार्यालयांकडे देत आहोत.

आपला,
एक पक्षीपालक व नियमित वाचक,
भुसावळ, जि. जळगाव